शिंगाडा खा, पण दातांनी सोलू नका!

दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजारात ओल्या शिंगाड्यांच्या पाट्या दिसू लागतात. आपल्याकडे भंडारा-गोंदियाच्या तळ्यांत हे पीक मोठ्या प्रमाणावर घेतात. शिंगाडा पौष्टिक आहे, स्वस्त आहे, उपासालाही चालतो. मुले तो हाती पडताच दातांनी सोलून खातात. माझी तक्रार आहे ती या दातांनी सोलण्याबद्दल.

तळ्यातील कच्च्या वनस्पतींवाटे पोटात जाणारा एक जंत आहे. तो नेहमीच्या जंतासारखा गोल नसून पानासारखा चपटा असतो, म्हणून त्याला पर्णकृमी म्हणतात. हा मांसल कृमी २ ते ७ सेंटिमीटर लांब असतो. १८४३ साली लंडनमध्ये मरण पावलेल्या एका हिंदी खलाशाच्या आतड्यात तो जॉर्ज बस्क या शल्यचिकित्सकाला आढळला. त्यामुळे त्याचे शास्त्रीय नावच फॅसिओलॉप्सिस बस्की असे पडले. भारतात उत्तर प्रदेश, बिहार, आसाम या भागांतून याचे रुग्ण नोंदले गेले आहेत. पण कच्चा शिंगाडा दातांनी सोलण्याची सवय सगळीकडची आहे, म्हणून माहिती आपल्यालाही हवी.

हा रोग पसरतो कसा? रोगी माणसाच्या किंवा डुकराच्या विष्ठेतून कृमीची अंडी तळ्यात जातात. काही आठवड्यांनी त्यांतून अळी निघते आणि पाण्यातल्या लहान गोगलगाईत शिरते. तिथे तिची वाढ होते. मग ती बाहेर पडून शिंगाडा, कमळ, नाळीची भाजी अशा वनस्पतींना कोष करून चिकटते. आपण साल दातांनी काढली की कोष थेट पोटात! सुमारे तीन महिन्यांत आतड्यात पूर्ण वाढलेला कृमी तयार होतो. गोगलगाईतला टप्पा झाल्याशिवाय रोग लागत नाही. म्हणजे रोग्याच्या स्पर्शाने किंवा त्याच्या ताटात जेवल्याने तो होत नाही.

थोडे कृमी असतील तर काहीच त्रास होत नाही. संख्या वाढली की पोट दुखते, कधी जुलाब तर कधी मलावरोध होतो, भूक मंदावते. लहान मुलांत अशक्तपणा येतो. प्रकरण वाढल्यास चेहरा, पाय सुजतात, पोटात पाणी होते. अशी सूज मूत्रपिंडाच्या विकारात किंवा कुपोषणातही येते, त्यामुळे नुसत्या बघण्यावरून निदान होत नाही. शौचाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करावी लागते. तपासणी करणाऱ्याला कच्चा शिंगाडा खाल्ल्याचे अवश्य सांगा.

"डॉक्टर, जंताची गोळी दिली होती की!" असे आईवडील मला नेहमी सांगतात. शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी गोल जंतांवर उत्तम. पर्णकृमीसाठी तिच्यावर विसंबता येत नाही. यावर प्राझिक्वांटेल हे औषध चांगले लागू पडते. मात्र त्याची मात्रा वजनावर ठरते, तेव्हा दुकानातून परस्पर आणू नका.

औषधापेक्षा काळजी सोपी :

१) शिंगाडे उकडून खा. उकळत्या पाण्यात कोष मरतात. नुसते विसळून भागत नाही.

२) साल सुरीने काढा, हात व सुरी धुवा. मुलांना सोललेला, उकडलेला शिंगाडाच द्या.

३) तळ्यातील भाज्या शिजवूनच खा.

४) तळ्याकाठी शौचास बसू नका, मैला तळ्यात सोडू नका, डुकरांना तिथे फिरकू देऊ नका.

उपासाच्या शिंगाडा पिठाची भीती बाळगू नये. वाळवल्यावर हे कोष तग धरत नाहीत, शिवाय पीठ आपण शिजवूनच खातो. तेव्हा शिंगाडा सोडू नका. तो चुलीवरून ताटात येऊ द्या, एवढेच!