तुफानानंतरची चाळीस वर्षे

'पश्चात्ताप' हा शब्द आपल्या इतक्या अंगवळणी पडला आहे की, त्यातला 'मागाहून होणारा ताप' सहसा कोणाला जाणवत नाही. आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांत ज्या मूळ शब्दांसाठी तो योजिला जातो, त्यांचा रोख तापावर नसून वळण्यावर आहे, हे तर क्वचितच ध्यानी येते. इब्रीतील 'शूव' म्हणजे माघारी फिरणे. ग्रीकमधील 'मेटानोइया' म्हणजे मन पालटणे. लूकच्या शुभवर्तमानातील उधळा पुत्र डुकरे राखता राखता शुद्धीवर येतो आणि बापाच्या घराची वाट धरतो, ती हीच क्रिया. मात्र वळणे एखाद्या रात्रीत घडते आणि ताप पुष्कळदा फार उशिरा येतो, याचे जॉन न्यूटनच्या चरित्राइतके बोलके उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

न्यूटनचा जन्म १७२५ सालचा, लंडनचा. बाप जहाजावरचा तांडेल, आई धर्मशील. पण मुलाचे सातवे वर्ष पुरे होण्याच्या सुमारासच ती क्षयाने गेली. पुढे आरमारात सक्तीची भरती, पळून जाण्याचा प्रयत्न, त्याबद्दल फटके, आणि अखेर सिएरा लिओनच्या किनाऱ्याजवळील बेटांवर गुलामांच्या एका व्यापाऱ्याच्या पदरी ताप आणि उपासमार. देवाची टवाळी हा त्याचा तेव्हाचा छंद होता.

मार्च १७४८ मध्ये, 'ग्रेहाउंड' जहाजातून मायदेशी परतत असता, उत्तर अटलांटिकमध्ये मध्यरात्री तुफानाने जहाजाची एक बाजू फोडली. जहाजात मेण आणि लाकूड, म्हणजे पाण्याहून हलका माल होता, म्हणूनच ते तरले. लाटांनी ओढून नेऊ नये म्हणून दोरांनी स्वतःला बांधून घेऊन माणसे तासन् तास पंप चालवीत होती. आणि अशा वेळी देवाच्या दयेचे दोन शब्द न्यूटनच्या तोंडून असे सहज निघाले की, तो स्वतःच दचकला. चार आठवड्यांनी ते जर्जर जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याला लागले. तुफानाचा तो दिवस न्यूटन पुढे आयुष्यभर पाळीत असे.

प्रवचनकारांना कथा येथेच संपविण्याचा मोह आवरत नाही. वस्तुस्थिती अशी की, या परिवर्तनानंतर न्यूटन गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला. १७५० पासून १७५४ पर्यंत त्याने हा धंदा केला, दर रविवारी दोनदा खलाशांकडून प्रार्थना करवून घेतली, आणि त्याच वेळी तळघरात बेड्या घातलेली माणसे फळीवरच्या पुस्तकांसारखी एकमेकांना खेटून पडलेली होती. ही उपमा माझी नव्हे, त्याचीच आहे. त्याने समुद्र सोडला तो प्रकृतीच्या कारणाने, सदसद्विवेकाने नव्हे. मग लिव्हरपूलच्या जकात खात्यात नोकरी, १७६४ मध्ये धर्मोपदेशकाची दीक्षा व ओल्नी गावी नेमणूक, आणि १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी रचलेले 'अमेझिंग ग्रेस' हे आज जगभर गायिले जाणारे गीत. ते रचले तेव्हाही गुलामगिरीविरुद्ध त्याने चारचौघांत चकार शब्द काढलेला नव्हता.

१७८५ मध्ये, पुढे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेला तरुण खासदार विल्बरफोर्स, राजकारण सोडावे की काय, हे विचारण्यास त्याच्याकडे गुप्तपणे आला. सोडू नकोस, असे न्यूटनने सांगितले. आणि १७८८ मध्ये, त्या तुफानानंतर पुरत्या चाळीस वर्षांनी, त्याने आफ्रिकेतील गुलामांच्या व्यापारावर आपली कैफियत छापली. आपण स्वतः या धंद्यात हातभार लावला, आणि आज त्याच्या आठवणीनेही काळीज थरारते, असा कबुलीजबाब तीत आहे. पुढे चौकशीसमितीपुढे त्याने जबानीही दिली. तो खरा ताप. आणि माझ्या मते त्या रात्रीच्या प्रार्थनेची किंमत या कैफियतीवाचून अर्धीच राहिली असती.

ब्रिटनमध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारा कायदा मार्च १८०७ मध्ये झाला. न्यूटन त्याच वर्षीच्या डिसेंबरात वारला. आपल्या थडग्यावरचा मजकूर त्याने स्वतःच लिहून ठेविला होता. आपण एके काळी नास्तिक होतो, आफ्रिकेत गुलामांचे चाकर होतो, आणि ख्रिस्ताच्या दयेने आपल्याला क्षमा मिळाली, हे सारे त्यात आहे. कप्तानकीचा उल्लेख त्यात नाही.