शेंगदाणा एकच, पण युरोपात त्याला दोन मर्यादा; अफ्लाटॉक्सिनचं हे प्रकरण काय आहे?

कूट करायला घेतलं की घरात कुणीतरी दाणे ताटात पसरतं आणि सुरकुतलेले, काळपट दाणे वेचून बाजूला काढतं. भारतातून युरोपात शेंगदाणा पाठवणाऱ्यालाही हेच करावं लागतं, फक्त एका ताटावर नाही तर २० टनांच्या कंटेनरवर. आणि त्यात मोजके दाणे जरी राहून गेले तरी अख्खा माल बंदरात अडकू शकतो.

कारण आहे अफ्लाटॉक्सिन. शेंगा जमिनीत असताना पाण्याचा ताण पडला किंवा काढणीनंतर त्या नीट वाळल्या नाहीत, की त्यांवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढते. ती जे विष तयार करते ते अफ्लाटॉक्सिन. नावही बुरशीच्याच नावातून आलंय. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये १ लाखाहून जास्त टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेतल्यावर धागा त्यांच्या खाद्यातल्या ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोहोचला आणि त्यातून हे विष सापडलं. माणसात यामुळे यकृताचा कॅन्सर होतो, हे आता सिद्ध झालंय. घरी भाजतो तेवढ्या उष्णतेनं ते पूर्ण नष्ट होत नाही.

मग युरोपियन युनियनचा नियम काय सांगतो?

थेट खायच्या शेंगदाण्यात एकूण अफ्लाटॉक्सिन किलोमागे ४ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको. त्यातल्या सर्वात घातक बी१ प्रकाराची मर्यादा २. हिशोब करून बघा: २० टनांच्या कंटेनरमध्ये सगळं मिळून फक्त ८० मिलिग्रॅम. चिमूटभर मिठापेक्षाही कमी.

दुसरी मर्यादा १५ मायक्रोग्रॅमची आहे. ती अशा मालासाठी, जो युरोपात पोहोचल्यावर आधी निवडला जाणार आहे किंवा साल काढण्यासारख्या प्रक्रियेतून जाणार आहे.

गोंधळ होतो तो इथेच. ‘आमचा दाणा कुठे कुणी तसाच खाणार आहे? तो चॉकलेटमध्ये किंवा पीनट बटरमध्ये जाणार, म्हणजे १५ चालेल,’ असं वाटणं साहजिक आहे. पण नाही चालत! पदार्थात घटक म्हणून सरळ वापरायच्या दाण्यालाही ४ चीच मर्यादा आहे. १५ ची सवलत हवी असेल तर हा माल आधी निवडायचा आहे, असं लेबलवर लिहावं लागतं. चांगला आणि खराब माल एकत्र करून सरासरी खाली आणायला बंदी आहे. रसायन वापरून विष काढायलाही.

तपासणीही सोपी नाही. विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं. हजार दाणे स्वच्छ आणि एकच विषारी, असं होऊ शकतं. म्हणून मोठ्या मालात १०० ठिकाणांहून थोडे थोडे दाणे घेऊन सुमारे २० किलोंचा नमुना करतात. त्याचे भाग करून ते वेगवेगळे तपासतात. थेट खायच्या मालात एक जरी भाग मर्यादेबाहेर गेला तरी माल नापास. निर्यातदाराच्या घरच्या प्रयोगशाळेत पास झालेला माल रॉटरडॅमला नापास होतो, त्यामागे दरवेळी लबाडीच असते असं नाही.

२०१९ च्या एका युरोपियन नियमानं भारतीय शेंगदाण्याला कडक तपासणीच्या यादीत ठेवलं. त्यामुळे मालासोबत प्रयोगशाळेचा अहवाल आणि सरकारी आरोग्य प्रमाणपत्र लागतं, तरीही काही माल बंदरावर पुन्हा उघडला जातो. नापास झाला तर तो परत पाठवायचा, नष्ट करायचा किंवा परवानगी मिळालीच तर प्रक्रिया करून घ्यायची. सगळा खर्च व्यापाऱ्याचा, आणि पुढच्या खरेदीत तो शेतकऱ्याच्या भावातून वसूल व्हायला वेळ लागत नाही.

(शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी हा वेगळाच विषय. युरोपात लेबलवर ठळक दाखवायच्या १४ घटकांत तो आहे.)

आता आपल्याकडचं. भारतात थेट खायच्या दाण्यासाठी एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे १० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे तपासणीत ७ निघालेला दाणा रॉटरडॅमला अडेल, आणि इथे चिक्कीत गेला तरी नियमातच बसेल.