सीमाभागातील बोलींची संशोधन-सामग्री : जतन, देवघेव आणि ग्रंथपालाचे काम

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठीवर गेल्या काही दशकांत प्रबंध, लघुप्रबंध आणि प्रकल्प-अहवाल लिहिले गेले. ग्रंथालयात त्यांच्या बांधील प्रती मिळतात. परंतु ज्या आधारावर ते लिहिले गेले ती सामग्री, म्हणजे वक्त्यांची ध्वनिमुद्रणे, शब्दांच्या याद्या, भरलेल्या प्रश्नावल्या, क्षेत्रकार्याच्या वह्या, बहुतेक वेळा ग्रंथालयापर्यंत पोहोचतच नाही. पदवी मिळाली की ती संशोधकाच्या घरी, जुन्या संगणकात किंवा मोबाइलमध्ये राहते आणि काही वर्षांत नाहीशी होते. या सामग्रीला रूढ भाषेत डेटा आणि अलीकडे विदा असे म्हणतात. तिचे नियोजन, जतन आणि देवघेव यांत महाविद्यालयीन ग्रंथपाल काय करू शकतो, आणि सीमाभागात हे काम अधिक जबाबदारीचे का ठरते, याचा विचार या लेखात केला आहे.

प्रबंध आणि सामग्री यांतील फरक

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे बंधनकारक केले. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारात असे प्रबंध ठेवले जातात आणि ते कोणालाही वाचता येतात. ही मोठीच सोय आहे. पण शोधगंगेत मुख्यतः प्रबंधाचा मजकूर असतो. 'या गावात अमुक रूप ऐकू येते' हे विधान आपल्याला वाचायला मिळते. ते रूप कोणी, कोणत्या वयाच्या माणसाने, कोणत्या प्रसंगी उच्चारले, हे ऐकायला मिळत नाही. संशोधकाचा निष्कर्ष मान्य करायचा की नाही, हे ठरवण्याचा मार्गच बंद होतो.

याचे महत्त्व कळण्यासाठी सांगली-मिरजेजवळच्या कुपवाडचे उदाहरण घ्यावे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात या गावातील मराठी, कन्नड आणि उर्दू यांचा अभ्यास मांडला. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्यामुळे या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली आहे की एका भाषेतील वाक्याच्या प्रत्येक शब्दाच्या जागी दुसऱ्या भाषेतील शब्द ठेवला तरी वाक्य उभे राहते, असे त्यांचे प्रतिपादन होते. भाषासंपर्काच्या अभ्यासात हा लेख जगभर उद्धृत होतो. सुमारे चार दशकांनंतर डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडमध्ये पुन्हा क्षेत्रकार्य करून या प्रतिपादनाची चिकित्सा केली. अशा फेरअभ्यासाला मूळ सामग्रीची गरज सर्वाधिक असते. लेखात निवडक वाक्येच छापता येतात. ती कोणाकडून मिळाली, न निवडलेली वाक्ये कशी होती, हे समजल्याशिवाय 'भाषा बदलली' आणि 'पहिले निरीक्षण अपुरे होते' या दोन शक्यतांमध्ये निवाडा करणे कठीण जाते.

याउलट उदाहरणही आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला. त्या सर्वेक्षणाच्या वेळी तयार झालेल्या ग्रामोफोन तबकड्या जपल्या गेल्या आणि आज त्यांतील अनेक महाजालावर ऐकता येतात. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणातही शब्दांची आणि व्याकरणिक रूपांची माहिती नकाशांसह संकेतस्थळावर खुली केली आहे. एका विद्यार्थ्याच्या छोट्या प्रकल्पालाही हाच आदर्श, लहान प्रमाणात, पाळता येतो.

सीमाभागातील विशेष अडचणी

पहिली अडचण सामग्री विखुरलेली असण्याची. बेळगावात राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली स्थापन झाले. त्याआधीची महाविद्यालये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाशी संलग्न होती. निपाणीला लागून असलेले देवचंद महाविद्यालय अर्जुननगरला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातील कागल तालुक्यात आहे आणि ते शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. त्यामुळे एकाच बोलीवरचे काम धारवाड, बेळगाव आणि कोल्हापूर अशा तीन ठिकाणी नोंदले जाते. राज्याची हद्द बोलीला नसते, पण ग्रंथालयाच्या तालिकेला असते.

दुसरी अडचण नावांची. बेळगाव, बेलगाम, बेळगावी. निपाणी, निप्पाणी: एकाच ठिकाणाची नावे वेगवेगळ्या नोंदींत वेगवेगळी येतात. शहराचे अधिकृत नाव २०१४ साली बदलले. निपाणी पूर्वी चिकोडी तालुक्यात होते, आता तो स्वतंत्र तालुका आहे. खानापूर बेळगाव जिल्ह्यात आहे तसे सांगली जिल्ह्यातही आहे. म्हणून ग्रंथपालाने नोंद करताना गावाचे एक प्रमाण नाव ठरवून इतर रूपे त्याला जोडावीत आणि तालुका, जिल्हा, शक्य तर जनगणनेतील गावाचा क्रमांकही द्यावा. तालिकाकाराचे हे जुनेच कौशल्य येथे नव्याने उपयोगी पडते.

तिसरी अडचण सर्वांत नाजूक आहे. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगापासून २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या दाव्यापर्यंत, कोण कोणती भाषा बोलतो हा येथे वादाचा मुद्दा राहिला आहे. इतरत्र 'घरात कोणती भाषा बोलता?' हा प्रश्न निरुपद्रवी असेल. येथे त्याच्या उत्तराला राजकीय अर्थ चिकटू शकतो. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि शेजाऱ्याशी उर्दू बोलणाऱ्या माणसाची भाषा एका चौकोनात बसवली की त्याच्यावरही अन्याय होतो आणि अभ्यासावरही. प्रश्नावली तयार होतानाच ग्रंथपालाने किंवा मार्गदर्शकाने हे लक्षात आणून दिले पाहिजे.

संमती : सही घेण्यापुरती नव्हे

समजा, एक विद्यार्थिनी निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांची व्यवसायभाषा गोळा करते आहे. तेंदूची पाने भिजवण्यापासून छाटापर्यंतचे शब्द तिला हवे आहेत. छाट म्हणजे मालात न धरता बाजूला काढलेल्या विड्या. तो शब्द आला की बोलणे मजुरीवर जाते, एखाद्या ठेकेदाराचे नाव येते, आणि ध्वनिमुद्रण चालूच असते. भाषेच्या दृष्टीने हा भाग सर्वांत मोलाचा, कारण येथे बोलणारी मोकळी झालेली असते. पण तो नावासकट खुला झाला तर तिच्या रोजगारावर गदा येऊ शकते.

यासाठी संमती टप्प्याटप्प्याने घ्यावी. बोलणे मुद्रित करू का? ते अभ्यासात वापरू का? लिखित उतारा इतरांना वाचू देऊ का? आवाज खुला ठेवू का? नाव द्यायचे की सांकेतिक क्रमांक? प्रत्येक प्रश्नाचे उत्तर वेगळे असू शकते. प्रश्न वक्त्याच्या बोलीत विचारावेत; लिहिता न येणाऱ्यांची संमती तोंडी मुद्रित करावी. संमती मागे घेण्याची मुभा आहे आणि त्यासाठी कोणाशी बोलायचे, हेही सांगावे. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी मुख्य सामग्रीपासून वेगळी, बंद ठेवावी. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाल्यापासून हा विषय निव्वळ सौजन्याचा राहिलेला नाही. आवाज हीसुद्धा माणसाची ओळख असते, हेही विसरू नये. लहान गावात नाव काढून टाकले तरी आवाजावरून माणूस ओळखला जातो.

क्षेत्रकार्याच्या वेळी घ्यायची काळजी

ध्वनिमुद्रण शक्यतो वेव्ह प्रकारात करावे. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला आवाज आकुंचित होतो आणि सूक्ष्म उच्चारभेद तपासायला पुरेसा राहत नाही. साध्या एकपदरी, १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ दर्जाच्या मुद्रणाला तासाला सुमारे ३५० मेगाबाइट जागा लागते. वीस तासांची सामग्री ७ गिगाबाइटमध्ये मावते. म्हणजे जागेची सबब आज उरलेली नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतील एक वेगळ्या ठिकाणी, हा साधा नियम पाळावा.

फाइलला 'नवीन रेकॉर्डिंग ३' असे नाव राहू देऊ नये. गाव, तारीख आणि वक्त्याचा क्रमांक एका ठरलेल्या क्रमाने नावात यावा. सोबत एका तक्त्यात वक्त्याचा वयोगट, शिक्षणाचे माध्यम, घरातील व बाहेरील भाषा, माहेरचे गाव आणि मुद्रणाचा प्रसंग नोंदवावा. लग्न होऊन दुसऱ्या गावी आलेल्या स्त्रीच्या बोलीत माहेर आणि सासर दोन्ही असतात. 'माहेरचे गाव' हा रकाना नसेल तर विश्लेषण चुकते.

उताऱ्यात बोली 'सुधारू' नये. वक्ता 'काय करूलालास?' म्हणाला आणि विद्यार्थ्याने 'काय करतोयस?' लिहिले, तर बेळगावच्या बोलीचे क्रियारूप तेथेच संपले. एकाने ते रूप ऱ्हस्व उकाराने, दुसऱ्याने दीर्घ ऊकाराने लिहिले, तर शोध घेताना दोन वेगळे शब्द ठरतात. म्हणून लेखनाचे नियम आधी ठरवून ते सामग्रीसोबत जोडावेत. प्रमाण मराठीतील अर्थ वेगळ्या रकान्यात द्यावा. टंकलेखन युनिकोडमध्येच असावे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या जुन्या शब्दयाद्या आज तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारख्या दिसतात. त्या हाती लागल्यास आधी रूपांतरित करून, मूळ मुद्रित प्रतीशी ताडून घ्याव्यात.

कोठे ठेवायचे, किती उघडे ठेवायचे

विद्यापीठाचे स्वतःचे भांडार असल्यास प्रथम तेथे चौकशी करावी. समाजशास्त्रीय सर्वेक्षणांसाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची विदा-सेवा आहे. युरोपातील सर्न या संस्थेने २०१३ मध्ये सुरू केलेले 'झेनोडो' हे भांडार विनामूल्य आहे. तेथे प्रत्येक नोंदीला कायमचा ओळख-क्रमांक मिळतो आणि एका नोंदीत ५० गिगाबाइटपर्यंत सामग्री ठेवता येते. या क्रमांकामुळे सामग्रीचा उल्लेख पुस्तकाप्रमाणे करता येतो आणि गोळा करणाऱ्याला श्रेय मिळते. 'माझे कष्ट दुसरा वापरेल' या भीतीला हे बऱ्याच अंशी उत्तर आहे.

सामग्री सापडावी, मिळावी, इतरांच्या सामग्रीशी जुळावी आणि पुन्हा वापरता यावी, ही चार तत्त्वे २०१६ पासून 'फेअर' या नावाने जगभर मान्य झाली आहेत. त्यांचा अर्थ सर्व काही सर्वांना खुले असा नाही. शब्दयादी आणि लेखननियम पूर्ण खुले, उतारे नावे वगळून खुले, ध्वनिमुद्रणे विनंतीवरून, आणि ओळख-यादी बंद, अशी चार दालने करता येतात. बंद सामग्रीचीही नोंद मात्र तालिकेत दिसली पाहिजे. ती आहे एवढे कळले तरी पुढचा अभ्यासक योग्य माणसापर्यंत पोहोचू शकतो.

सुरुवात कशी करावी

यासाठी मोठा निधी किंवा नवा विभाग लागत नाही. एम.ए.च्या प्रकल्पाचा विषय ठरतो त्या आठवड्यात विद्यार्थ्याने ग्रंथपालाकडे एक पानाचा आराखडा द्यावा: काय गोळा करणार, कोणत्या स्वरूपात, कोणाच्या संमतीने, शेवटी कोठे ठेवणार. प्रकल्प सादर करताना सामग्रीचा संच व संमतीपत्रेही जमा झाल्याची नोंद मार्गदर्शकाने तपासावी. कडोली, उचगाव, येळ्ळूर येथील ग्रामीण साहित्य संमेलनांची ध्वनिमुद्रणे आणि स्मरणिकाही याच पद्धतीने नोंदवता येतील. पन्नास वर्षांनी या भागातील मराठी अभ्यासणाऱ्याला त्यांचा आधार होईल. आणि बेळगाव, धारवाड, कोल्हापूर येथील ग्रंथपालांनी गावांच्या नावांची एक सामाईक यादी जरी तयार केली, तरी आज तीन ठिकाणी विखुरलेले काम एका शोधात हाती लागेल. ज्या वक्त्यांनी आपला वेळ आणि आपली बोली दिली, त्यांना त्यांच्या मुद्रणाची एक प्रत परत देणे हाही या व्यवहाराचाच भाग आहे; ती प्रत पोहोचवल्याची तारीख त्याच तक्त्यात, शेवटच्या रकान्यात लिहावी.