कुंपणालगतचे तण आणि गवतकापणी यंत्राची निवड

पालघर जिल्ह्याच्या उत्तर भागात समुद्रकाठी वसलेले बोर्डी हे गाव शाळा आणि फळबागा यांसाठी सर्वपरिचित आहे. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे आपले कार्य येथेच सुरू केले. या परिसरातील चिकूला ‘डहाणू घोलवड चिकू’ या नावाने २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. वाडी असो, शाळा असो वा अंगणवाडी, येथील बहुतेक आवारांना कुंपण आहे. आणि पावसाळा सुरू झाला की त्या कुंपणाच्या दोन्ही अंगांना तणाची दुसरी भिंत उभी राहते. टाकळा, आघाडा, गाजरगवत, रानमोडी, घाणेरी आणि तारांवर चढणारे वेल यांची दाटी महिना-दीड महिन्यात कमरेला लागते.

हा प्रश्न केवळ नीटनेटकेपणाचा नाही. तणांमुळे कुंपणाच्या तळाशी ओल धरून राहते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने आधीच गंजू लागलेली तार त्यामुळे लवकर तुटते आणि लाकडी खांब बुडाशी कुजतात. घोणस, मण्यार यांसारख्या विषारी सापांना तेथे आडोसा मिळतो, आणि शाळेत जाणाऱ्या मुलांची पायवाट बहुधा त्याच कुंपणाकडेने जात असते. गाजरगवताच्या परागांनी अनेकांना त्वचेचे व श्वसनाचे विकार जडतात. उन्हाळ्यात हेच तण वाळून आगीला निमित्त ठरते. तणनाशक फवारावे, तर त्याचे तुषार कुंपणाच्या जिवंत झुडुपांवर आणि फळझाडांवर उडतात. म्हणूनच अनेक वाड्या आणि ग्रामपंचायती आता यांत्रिक गवतकापणीकडे वळू लागल्या आहेत.

यंत्र खरेदी करताना प्रथम विचारला जाणारा प्रश्न मात्र बहुधा एकच असतो : इंजिन किती ताकदीचे? वस्तुतः हा प्रश्न सर्वात शेवटी विचारावयाचा आहे. आपले कुंपण कोणत्या प्रकारचे आहे आणि यंत्र कोणाच्या खांद्यावर जाणार आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की यंत्राची निवड सुलभ होते.

दोरीने गवत कसे कापले जाते?

अमेरिकेतील टेक्सास राज्यातील जॉर्ज बॅलस या गृहस्थाने १९७१ साली या यंत्राची कल्पना प्रत्यक्षात आणली. मोटारी धुण्याच्या केंद्रात गरगर फिरणारे ब्रश पाहून त्यांना ती सुचली, आणि मासेमारीचा नायलॉन दोरा एका डब्याला बसवून त्यांनी पहिला प्रयोग केला. त्यातील तत्त्व साधे आहे. एरवी मऊ असणारी दोरी वेगाने फिरू लागली की ताठ होते व तिचे टोक पात्यासारखे कापते. ४० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात मिनिटाला ७,००० फेरे होत असतील, तर दोरीच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १४६ मीटर भरतो. या एका आकड्यात यंत्राचे सामर्थ्य आहे आणि त्याचा धोकाही आहे.

कुंपण पाहून निवड

दोरी खांबावर किंवा दगडावर आदळली तर स्वतः झिजते. धातूचे पाते आदळले तर यंत्र झटक्याने बाजूला फेकले जाते आणि तार तुटण्याचा अथवा पात्याचा तुकडा उडण्याचा संभव असतो. म्हणून जाळीच्या कुंपणालगत, दगडी गडग्याशी आणि सिमेंटच्या खांबांभोवती दोरीच वापरावी. पाते हे कुंपणापासून दूर, रानमोडीसारखी जाड खोडाची तणे मोकळ्या जागेत कापण्यासाठी राखून ठेवावे. काटेरी तारेच्या बाबतीत दोरीही तारेत अडकते. तेथे वीतभर अंतर सोडून यंत्र चालवावे आणि उरलेला पट्टा विळ्याने काढावा. शेर, घायपात किंवा मेंदी यांच्या जिवंत कुंपणाशीही हाच नियम पाळावा. घाणेरीचे जुने झुडूप मात्र कापून संपत नाही. ते कुदळीने मुळासकट काढणे हाच उपाय होय. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली असल्याने कापणीने तो आटोक्यात राहतो, नष्ट होत नाही.

फळबागायतदारांनी एक गोष्ट विशेषत्वाने ध्यानात घ्यावी. कुंपणालगतच्या चिकूच्या कोवळ्या कलमांना दोरीचा फटका बसल्यास साल निघते. पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाते ते सालीतूनच. त्यामुळे साल सभोवार सोलली गेली, तर झाड हळूहळू वाळते. अनेक वर्षांचे फळ अशा रीतीने एका क्षणात जाऊ शकते. कलमाभोवतीचे दोन-अडीच फुटांचे आळे नेहमी हातानेच खुरपावे.

ताकद, वजन आणि इंधन

काम नेमके किती आहे, याचा आधी हिशेब करावा. एक हेक्टर चौरस वाडीचे कुंपण ४०० मीटर भरते. त्यालगत एक मीटर रुंदीचा पट्टा साफ ठेवावयाचा म्हटले, तर क्षेत्र ४०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे चार गुंठे होते. एवढ्या कामासाठी सर्वात मोठे इंजिन घेण्याचे कारण नाही. कोवळे गवत वेळच्या वेळी कापले जात असेल, तर २५ घनसेंटिमीटरच्या आसपासचे इंजिन पुरते. तण दाट असेल, कुंपण लांब असेल किंवा ग्रामपंचायतीला एकाच यंत्राने अनेक आवारे साफ करावयाची असतील, तर ३५ ते ५० घनसेंटिमीटरचे यंत्र घ्यावे. दोरी २.४ ते ३ मिलिमीटर जाडीची असावी. मात्र उत्पादकाने सांगितल्याहून जाड दोरी लावल्यास इंजिनावर ताण येतो. जड कामासाठी सरळ दांड्याचे यंत्र वाकड्या दांड्याच्या यंत्रापेक्षा सोयीचे, कारण ते तारेखाली दूरवर पोहोचते आणि बहुधा त्याला दोरी व पाते दोन्ही बसविता येतात. सपाट व लांब पट्ट्यासाठी चाकांवरचे यंत्रही मिळते. बांधावर आणि चढउतारावर ते उपयोगी पडत नाही.

दोन-स्ट्रोक इंजिन वजनाने हलके असते, परंतु त्याच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. माहितीपुस्तिकेत ५०:१ हे प्रमाण दिले असेल, तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल; २५:१ असेल, तर ४० मिलिलिटर. हे प्रमाण अंदाजाने घेतल्यामुळे इंजिने निकामी होतात. चार-स्ट्रोक इंजिनात असे मिश्रण लागत नाही. त्याचे तेल वेगळे भरावयाचे व वेळेवर बदलावयाचे असते. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि ते हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून हंगाम संपताच टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावे. शाळेच्या किंवा दवाखान्याच्या लहान आवारासाठी बॅटरीवर चालणारे यंत्र विचारात घेण्याजोगे आहे. त्याला धूर नाही आणि आवाजही कमी. मात्र एका भारणीत ते थोडाच वेळ चालते.

यंत्र वाहणारा माणूस

डहाणू-तलासरीच्या इतिहासात गवतकापणीला एक वेगळे स्थान आहे. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मिळावी, या मागणीसाठी १९४५ साली येथील वारली मजुरांनी संप केला होता. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्या लढ्याची हकीकत आली आहे. विळ्याच्या जागी यंत्र आले तरी ते वाहणारा बहुधा मजूरच असतो. त्याच्या श्रमाचा आणि सुरक्षिततेचा विचार खरेदीच्या वेळीच झाला पाहिजे.

दोन्ही खांद्यांवर भार वाटणारा आणि प्रसंगी चटकन सुटणारा पट्टा, कंप शोषणारी मूठ आणि दोरीवरील संरक्षक आवरण या तीन गोष्टी नसलेले यंत्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. डोळ्यांना बंदिस्त चष्मा, चेहऱ्यावर जाळी, कानांवर आवाजरोधक, पायांत जाड बूट व नडगीला संरक्षण ही साधने यंत्राच्या किमतीतच धरावीत. कंपनाने बोटे बधिर होतात. म्हणून अर्ध्या तासाने विश्रांती द्यावी व शक्य तर दोघांनी आळीपाळीने काम करावे. पंधरा मीटरच्या आत कोणीही, विशेषतः मुलांनी, येऊ नये. शाळेच्या आवारात हे काम सुटीच्या दिवशीच करणे इष्ट. आधी कुंपणाकडेने काठी आपटीत एक फेरी मारावी. साप निघून जातात आणि काचा, दगड, तुटकी तार व विजेच्या खांबाचे ताण दिसून येतात. यंत्र चालविणाऱ्यास रीतसर शिकवावे व कुशल कामाची मजुरी द्यावी.

विळा मात्र अडगळीत टाकू नये. चांगले चाऱ्याचे गवत विळ्यानेच कापावे. दोरीने त्याचा चुरा होतो आणि त्यात नायलॉनचे कण मिसळतात. असे गवत जनावरांना घालू नये.

खरेदी आणि वेळापत्रक

दुरुस्ती व सुटे भाग डहाणू-तलासरी परिसरात मिळतील, असेच यंत्र घ्यावे. शासनमान्य चाचणी संस्थेचा अहवाल मागावा. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्र सरकारची संस्था हे काम करते. कृषि यांत्रिकीकरणाच्या योजनांतून पात्र शेतकऱ्यांना अनुदान मिळते व त्यासाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करता येतो. अनुदानपात्र यंत्रांची खात्री तालुका कृषि कार्यालयात करून घ्यावी. तांत्रिक सल्ल्यासाठी कोसबाड येथील कृषि विज्ञान केंद्र जवळ आहे. लहान वाडीवाल्यांनी चार-पाच जणांत एक यंत्र घेतले किंवा भाड्याने आणले, तरी भागते.

पहिली कापणी जुलैत, तण वीतभर असताना करावी. दुसरी ऑगस्टअखेर, तणांना बी धरण्यापूर्वी. या दोन तारखा पाळल्या, तर लहान यंत्रानेही काम होते. त्या चुकल्या, तर मोठे यंत्रही अपुरे पडते, आणि पुढील वर्षाचे तण याच वर्षी पेरले जाते.