वहीच्या कोपऱ्यातील पडणारा चेंडू

चलत्‌चित्रे काढण्याची हौस असलेल्या विद्यार्थ्याला सुरुवातीस कोणती साधने लागतात? एक जुनी वही, पेन्सिल आणि मोजपट्टी! इंग्लंडमध्ये जॉन बार्न्स लिनेट यांनी १८६८ साली ज्या चित्रपुस्तिकेचे पेटंट घेतले, तिचे तत्त्व हेच होते. पानापानावर थोडे थोडे बदलणारे चित्र काढावयाचे आणि पाने अंगठ्याने भराभर सोडावयाची.

आता वरून पडणारा चेंडू काढू या. प्रत्येक पानावर तो सारख्याच अंतराने खाली सरकविला, तर तो पडतो आहे असे वाटतच नाही. दोरीला बांधून कोणी सावकाश खाली सोडावा तसा तो दिसतो. असे का व्हावे? गुरुत्वाकर्षणामुळे पडणाऱ्या वस्तूचा वेग सतत वाढत असतो. लागोपाठच्या समान कालावधींत ती १ : ३ : ५ : ७ या प्रमाणात अंतरे कापते, असे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे. म्हणून लागोपाठच्या पानांवर ३, ९, १५ आणि २१ मिलिमीटर अशी अंतरे ठेवा. आता चेंडू खराखुरा पडेल!

मोबाइलवर पडत्या चेंडूचे चित्रण करून, ते एकेक चित्र थांबवून मोजपट्टीशी ताडून पाहा. पुढे ब्लेंडरसारखी मोफत संगणक-प्रणालीही शिकता येईल. मधली चित्रे संगणक भरून देईल. पण अंतरे योग्य आहेत की नाहीत, हे मात्र तुम्हालाच ओळखावे लागेल.