टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट

डीएसएल म्हणजे जुन्याच तांब्याच्या तारेवर आलेला नवा भाडेकरू. बोलणं ४ किलोहर्ट्झच्या खाली, डेटा साधारण २५ किलोहर्ट्झच्या वर. दोघांना वेगळं करते ती छोटी डबी म्हणजे स्प्लिटर. घरात जोडफोन असेल तर त्यालाही फिल्टर लागतो. तो लावायचा राहिला, की फोनवर खरखर आणि रिंग वाजताच नेट गायब. बिघाड शोधताना पहिली नजर इथेच टाकावी.

राउटरवरचा डीएसएल दिवा लुकलुकायचा थांबला, की एक्स्चेंजपर्यंतची वाट जुळली. पण इंटरनेट अजून आलेलं नसतं, आणि बहुतेकांची गाडी अडते ती इथे. लॅन केबल लावून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा (काही राउटरांचा पत्ता वेगळा असतो, तो बहुधा तळाच्या लेबलवर छापलेला असतो). तिथे भरायचे व्हीपीआय आणि व्हीसीआय हे दोन आकडे कंपनीगणिक बदलतात: बीएसएनएलसाठी ०/३५, तर मुंबईच्या एमटीएनएलसाठी ०/३२. एक आकडा चुकला, तर दिवा हिरवागार आणि पान मात्र कोरं! जोडणीचा प्रकार पीपीपीओई निवडून कंपनीने दिलेलं यूजरनेम आणि पासवर्ड भरा. एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, १४९२ ठेवा, कारण १५०० बाइटपैकी ८ पीपीपीओईच्या वेष्टनातच जातात.

वेगाचं म्हणाल, तर डीएसएलचा एडीएसएल२+ हा प्रकार कागदावर २४ एमबीपीएस देतो. एक्स्चेंज चार-पाच किलोमीटर लांब असेल, तर त्यातला लहानसा हिस्साच घरी पोचतो. वेग कितीही मिळो, राउटरचा मूळ अ‍ॅडमिन पासवर्ड मात्र पहिल्याच दिवशी बदला.