मानेगावचा अशनी आणि चुंबकाची चाचणी

शेतात वेगळा दिसणारा, काळा, जड दगड सापडला की पहिला प्रश्न ठरलेला: उल्का तर नाही? आणि पहिली चाचणीही ठरलेली: चुंबक. धुळे-जळगावात ही चाचणी तुम्हाला दोन्ही बाजूंनी फसवू शकते.

आपल्याकडचा खडक म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. धुळे-नंदुरबार पट्ट्यात त्यात डोलेराइटच्या उभ्या भिंती (डाइक) घुसल्या आहेत. दोन्हींत मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे दोऱ्याला टांगलेला चुंबक त्यांच्याकडे हलकासा ओढला जातो. आता उलट बाजू बघा. १८४३ मध्ये एदलाबादजवळ (आजचं मुक्ताईनगर) मानेगावला एक अशनी पडला. तो डायोजेनाइट प्रकारचा आहे, आणि या प्रकारात धातुरूप लोह जवळपास नसतंच. म्हणजे चुंबकाने साधा बेसाल्ट ठेवून घेतला असता आणि खरा अशनी फेकून दिला असता!

मग वर्गीकरण करायचं कसं? दगडी अशनीला पहिला प्रश्न विचारायचा तो कॉन्ड्रूलचा. हे वितळून गोठलेले बारीक गोल कण. ते असतील तर कॉन्ड्राइट. २०१२ मध्ये नागपूरजवळ काटोलला पडलेला त्यातलाच, एल६ गटाचा. 'एल' म्हणजे एकूण लोह कमी, आणि '६' म्हणजे मूळ ग्रहिकेच्या पोटातल्या उष्णतेने कॉन्ड्रूलच्या कडा पुसट झालेल्या. वाळवंटात सापडलेल्या दगडाला यापुढे गंजण्याची श्रेणीही (डब्ल्यू० पासून) द्यावी लागते. पडताना पाहून लगेच उचललेल्या दगडात हा भाग सहसा गौण.

मानेगावच्या दगडात कॉन्ड्रूल नाहीत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या मॅस्केलिन यांनी १८७० मध्ये त्याचं खनिज-विश्लेषण प्रसिद्ध केलं. दगड बहुतांश एकाच खनिजाचा, ऑर्थोपायरॉक्सिनचा. आपल्या बेसाल्टमध्ये मुख्यतः ऑजाइट आणि प्लॅजिओक्लेज असतात, त्यामुळे थिन सेक्शन मायक्रोस्कोपखाली ठेवला की निम्मं काम तिथेच होतं.

पण ऑर्थोपायरॉक्सिन पृथ्वीवरही मिळतं. म्हणून पुढे मायक्रोप्रोबवर त्यातलं लोह आणि मँगनीज यांचं गुणोत्तर मोजतात. डायोजेनाइटच्या कुळात ते ३० च्या आसपास येतं, चंद्रावरच्या खडकांत ६० च्या पुढे. तरी मंगळाचे खडक या आकड्याच्या बरेच जवळ येतात, म्हणून शेवटचा शब्द ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा. पृथ्वीच्या रेषेपासून हे कुळ दर हजारी साधारण पाव भाग खाली बसतं, मंगळ वर. या कुळाचं मूळ व्हेस्टा असावं हे १९७० पासून, तिच्या प्रकाशाच्या वर्णपटावरून, सुचत होतं. २०११-१२ मध्ये तिच्याभोवती फिरलेल्या डॉन यानाने ते आणखी पक्कं केलं.

संशोधन प्रस्तावात सरसकट 'ऑक्सिजन समस्थानिके मोजणार' लिहिणारे बरेच दिसतात. माझ्या मते आधी स्वतःला विचारा, थिन सेक्शन आणि प्रोबनंतर नेमकी कोणती शंका उरली आहे? ऑक्सिजनला दोन-तीन मिलिग्रॅम पावडर पुरते, सेक्शनसाठी मात्र दगड कापावाच लागतो. आणि नाव अधिकृत व्हायचं तर २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढा नमुना संस्थेत कायमचा जमा करावा लागतो. तेव्हा करवत लावण्याआधी वजन, फोटो आणि सापडल्याची जागा वहीत उतरवून घ्या.